वीस रुपयांतले आठच: पदवीचे विद्यार्थी शोधपत्रिका चालवतात म्हणजे काय करतात

२०१८-१९ च्या गळीत हंगामासाठी केंद्र सरकारनं उसाची एफआरपी क्विंटलला २५५ वरून २७५ रुपये केली. वाढ वीस रुपयांची, म्हणजे टनाला दोनशे. बातम्यांत हाच आकडा फिरला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ-हातकणंगल्याकडच्या ऊसवाल्याच्या हिशेबात मात्र हे दोनशे येणार नव्हते. का, ते समजायला शाळेतलं गणित पुरतं.

एफआरपी हा उसाचा किमान भाव. कारखान्याला त्याच्या खाली जाता येत नाही. पण तो नुसत्या वजनावर ठरत नाही, उताऱ्यावर ठरतो. उतारा म्हणजे शंभर किलो ऊस गाळल्यावर किती किलो साखर निघाली. २०१७-१८ चे २५५ रुपये साडेनऊ टक्के उताऱ्याला होते आणि त्यापुढच्या दर ०.१ टक्क्याला २ रुपये ६८ पैसे जादा मिळायचे. पुढच्या वर्षीचे २७५ रुपये दहा टक्के उताऱ्याला होते, आणि पुढच्या दर ०.१ टक्क्याला २ रुपये ७५ पैसे. आपल्याकडचा उतारा बाराच्या आसपास असतो, म्हणून बाराच धरू. आधीच्या वर्षी २५५ आणि वर पंचवीस वेळा २.६८, एकूण ३२२ रुपये. नंतरच्या वर्षी २७५ आणि वर वीस वेळा २.७५, एकूण ३३० रुपये. वाढ आठ रुपयांची. टनाला ऐंशी.

बाकीचे बारा रुपये कुठं गेले? पायाचा उतारा साडेनऊवरून दहावर नेला, त्यात गेले. २०२२-२३ पासून तो पाया सव्वादहावर गेला आहे. शेतकरी संघटनांनी ही तक्रार मेळाव्यांतून, ऊस परिषदांतून मांडली. पण व्यासपीठावर सांगितलेला हिशेब मंडप उतरला की विरतो. दहा वर्षांनी कुणी विचारलं की हे कोणत्या कागदावरून म्हणता, दुसऱ्या बाजूचं म्हणणं काय होतं, तर हातात काही राहत नाही. तोच हिशेब वर्षं, आदेश, आकडे आणि कारखान्यांची बाजू यांसह लिहिला, दोन जाणत्या माणसांनी तो तपासला, आणि कुणालाही सापडेल अशा ठिकाणी ठेवला, की त्याचा शोधनिबंध होतो. असे निबंध बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ची मुलं लिहितात, तपासतात, छापतात, तेव्हा ती पदवीच्या विद्यार्थ्यांनी चालवलेली शोधपत्रिका. परदेशातल्या विद्यापीठांत आणि दिल्ली-मुंबईकडच्या काही कॉलेजांत हे नेहमीचं आहे. कोल्हापूरला तशी एक हवी, ती धोरण आणि राजकीय अर्थकारण या विषयांवर हवी, आणि मराठीत हवी, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी ती नेमकी चालते कशी, हे आधी समजून घेऊ.

राजकीय अर्थकारण म्हणजे कोणता विषय

धोरण समजायला सोपं आहे. सार्वजनिक पैसा, जमीन, पाणी, नोकऱ्या यांच्याबद्दल सरकारनं किंवा महापालिकेनं घेतलेला निर्णय म्हणजे धोरण. वर्षानुवर्षं लांबणीवर टाकलेला निर्णय हेसुद्धा धोरणच.

राजकीय अर्थकारण त्याच्या एक पायरी खाली उतरतं. आपल्याकडे कॉलेजात अर्थशास्त्राचा विभाग एका मजल्यावर आणि राज्यशास्त्राचा दुसऱ्या मजल्यावर. एकीकडे मागणी-पुरवठा, दुसरीकडे निवडणुका आणि पक्ष. पण उसाचा किमान भाव दिल्लीतलं मंत्रिमंडळ ठरवतं, साखरेची किमान विक्री किंमतही तेच ठरवतं, सहकारी कारखान्याचा अध्यक्ष पुष्कळदा आमदार नाहीतर खासदार असतो, आणि कारखान्याचा सभासद हाच त्याचा मतदार असतो. यातलं अर्थकारण बाजूला काढून राजकारण समजत नाही आणि राजकारण वगळून भाव समजत नाही. १७७६ मध्ये अ‍ॅडम स्मिथनं लिहिलं तेव्हा हे दोन विषय वेगळे नव्हतेच. आपल्याकडे न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय राजकीय अर्थकारणावर व्याख्यान दिलं. इंग्लंडच्या परिस्थितीत बसवलेले अर्थशास्त्राचे नियम हिंदुस्थानला जसेच्या तसे लावता येत नाहीत, हा त्यांचा मुद्दा होता.

या विषयात विचारायचे प्रश्न मोजकेच असतात. निर्णय कुणी घेतला? फायदा कुणाच्या पदरात पडला? खर्च कुणाच्या माथी आला? आणि ज्याचं नुकसान झालं त्याला ते थांबवता का आलं नाही?

कोल्हापूरच्या हद्दवाढीवर हे प्रश्न लावून बघा. नगरपालिकेची महापालिका झाली १९७२ मध्ये. क्षेत्र सुमारे ६७ चौरस किलोमीटर. पुढची पन्नास वर्षं ही हद्द एक इंचानं वाढली नाही, आणि शहर मात्र उचगाव, पाचगाव, कळंबा, उजळाईवाडीच्या अंगानं पसरत राहिलं. २०१७ मध्ये तोडगा म्हणून ४२ गावांचं नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झालं. हद्दवाढीची कृती समिती एका बाजूला, विरोधातली दुसऱ्या बाजूला, आणि दर काही वर्षांनी तोच मोर्चा, तोच बंद.

शहरातला माणूस म्हणतो, गावं आमचं पाणी आणि केएमटी, म्हणजे महापालिकेच्या बसगाड्या, वापरतात आणि घरफाळा ग्रामपंचायतीला भरतात. गावातला माणूस म्हणतो, आज शहरात आहेत त्यांना तुम्ही नीट रस्ते देत नाही, आम्हाला घेऊन काय करणार? शेतीवर आरक्षणं टाकाल आणि घरफाळा वाढवाल. दोन्ही बाजू आपापल्या जागी शहाण्या आहेत. पण त्यामागं आणखी काही आहे. हद्दीत गेलं की सरपंचपद जातं, ग्रामपंचायतीची सत्ता जाते, जिल्हा परिषदेचे गट बदलतात. शहराला लोकसंख्येच्या प्रमाणात मिळणाऱ्या निधीचं गणित बदलतं. एनए प्लॉट असलेल्याचं हित वेगळं, अजून ऊस लावणाऱ्याचं वेगळं, आणि भाड्यानं राहणाऱ्या कामगाराला तर या चर्चेत कुणी विचारतच नाही. आता एखाद्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीनं पाचगावातलं आणि त्याला लागून असलेल्या शहरातल्या प्रभागातलं, साधारण एकाच आकाराचं घर घेतलं आणि दोघांचा घरफाळा, पाण्याचं बिल, कचरा उचलणारी गाडी आठवड्यातून किती वेळा येते, हे शेजारी शेजारी मांडलं, तर तेवढ्यानं हद्दवाढीचा वाद मिटणार नाही. पण वादातल्या एका विधानाला पहिल्यांदा पुरावा मिळेल. पदवीच्या पातळीवरचं संशोधन एवढंच असावं, आणि एवढं असलं तरी ते खूप आहे.

निबंध आला की पुढं काय होतं

विद्यार्थ्यांचं संपादक मंडळ आधी आवाहन काढतं: विषय कोणते, शब्दमर्यादा किती, संदर्भ कसे द्यायचे, शेवटची तारीख कोणती. निबंध आले की पहिली चाळणी लागते. विषयाबाहेरचे, उचलेगिरीचे, नुसतं मत असलेले निबंध इथंच परत जातात. उरलेले समीक्षकांकडे.

समीक्षा हा या सगळ्याचा प्राण. विद्वानांची नियतकालिकं जुनी आहेत, लंडनमधलं पहिलं १६६५ मध्ये निघालं, पण लेख बाहेरच्या जाणकारांकडून तपासून घेण्याची पद्धत सगळीकडे रुळली ती विसाव्या शतकात. आज सामाजिक शास्त्रांतल्या बऱ्याच चांगल्या शोधपत्रिका दोन्हीकडची नावं झाकतात. लिहिणारा कोण हे तपासणाऱ्याला कळत नाही आणि तपासणारा कोण हे लिहिणाऱ्याला. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी नंबर असतो, त्यातलाच प्रकार. कोल्हापुरासारख्या गावात तर याची फारच गरज आहे. इथं आडनाव कळलं की गाव कळतं, गाव कळलं की कारखाना कळतो, आणि कारखाना कळला की गट कळतो. एका गटाच्या घरातल्या मुलानं दुसऱ्या गटाच्या कारखान्याबद्दल लिहिलेला निबंध नाव बघून वाचला गेला, तर त्याचं काय होईल हे सांगायला नको.

समीक्षक काय करतो, ते एका वाक्यावर दाखवतो. समजा निबंधात लिहिलं आहे: "काटामारीमुळे ऊस उत्पादकांचे प्रचंड नुकसान होते." काटामारी म्हणजे काट्यावर उसाचं वजन कमी दाखवणं. गावात हे वाक्य कुणीही मान्य करेल. समीक्षक मात्र कडेला लिहितो: "प्रचंड म्हणजे किती? तुम्ही एकाच खेपेचं वजन दोन काट्यांवर झालेलं पाहिलं का? किती खेपा? बाहेरच्या काट्याची आणि कारखान्याच्या काट्याची पावती दोन्ही तुमच्याकडे आहेत का? मधल्या वेळात ट्रॉलीतून ऊस पडला किंवा वाळला असेल तर तो फरक कसा वेगळा काढलात? वजनमाप खात्याच्या तपासणीत काय आढळलं?" लिहिणाऱ्याला राग येतो. घरात रोज ऐकलेली गोष्ट, तिला कसला पुरावा मागता? पण त्या रागातून बाहेर पडून तो पंधरा-वीस जणांकडच्या पावत्या गोळा करतो. मग वाक्य असं होतं: "ज्यांच्याकडे दोन्ही काट्यांच्या पावत्या होत्या अशा खेपांपैकी काहींत फरक दिसला, काहींत दिसला नाही, फरक असलेल्या खेपा पुढील तक्त्यात दिल्या आहेत." वाक्याचा आवाज खाली आला आहे. पण आता ते कारखान्याच्या कार्यकारी संचालकासमोर ठेवता येतं, आणि त्याला उडवून लावता येत नाही.

असं दोनदा-तीनदा जाणं-येणं होतं. काही निबंध या फेऱ्यांत गळतात. गळले तरी त्या मुलाचे कष्ट फुकट गेले असं मी मानत नाही. आपल्या शिक्षणात "तुम्हाला हे कसं माहीत?" हा प्रश्न विद्यार्थ्याला फारसा कुणी विचारत नाही. तोंडी परीक्षेत व्याख्या विचारतात, प्रकल्पाच्या फाइलवर सही होते आणि फाइल कपाटात जाते. शोधपत्रिकेत तुमचं लिखाण कुणीतरी अनोळखी माणूस ओळ न ओळ वाचतो आणि गांभीर्यानं अडवतो. वीस वर्षांच्या मुलाला याहून मोठा मान दुसरा नाही.

एका गोष्टीवर समीक्षकानं विशेष डोळा ठेवायला हवा, ती म्हणजे दुसरी बाजू. वरच्या एफआरपीच्या हिशेबातही दुसरी बाजू आहे. पायाचा उतारा वाढवताना सरकारचं म्हणणं होतं की देशभरात सरासरी उताराच वाढला आहे. साडेनऊ टक्क्यांच्या खालच्या उसाला संरक्षण म्हणून वेगळा किमान भावही ठेवला होता. कारखान्यांचं म्हणणं आणखी वेगळं. साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाली आणि २०२४-२५ चा हंगाम संपला तरी ३१ वरच होती. त्याच काळात एफआरपी २७५ वरून ३४० पर्यंत गेली. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे पैसे चौदा दिवसांत द्यायचे, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज. मग रोख येणार कुठून? हे सगळं लिहूनही विद्यार्थ्याचा निष्कर्ष शेतकऱ्याच्या बाजूचा असू शकतो. माझा तसाच आहे. पण कारखान्याचं गणित न मांडता काढलेला तोच निष्कर्ष म्हणजे पत्रक.

मुलांना हे जमेल का

हा प्रश्न पालकही विचारतात आणि प्राध्यापकही. तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा निबंध काय तपासणार? एकटा तपासणार नाही, हे उत्तर. चालू शकणारी पद्धत अशी की प्रत्येक निबंधाला एक विद्यार्थी समीक्षक आणि एक शिक्षक समीक्षक. अंतिम निर्णय विद्यार्थी संपादकांचा, पण आकडेमोडीवर आणि पद्धतीवर शिक्षकांनी बोट ठेवलं असेल तर ते दुरुस्त झाल्याशिवाय निबंध पुढं जात नाही. हार्वर्डच्या कायदा शाळेतलं विद्यार्थी-संपादित नियतकालिक १८८७ पासून सुरू आहे, आणि तिथं मोठमोठ्या प्राध्यापकांचे लेखसुद्धा विद्यार्थी तपासतात.

आपल्या मातीतलं उदाहरण अधिक बोलकं आहे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एका चर्चावर्गात पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं भारतातल्या जातींवर निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात छापून आला. ते विद्यार्थी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ते तेव्हा पदव्युत्तर शिकत होते, हे खरं. पण निबंध वर्गासाठी लिहिला होता, आणि नियतकालिकात गेला म्हणून तो वर्गाबाहेर पोचला. १९१८ मध्ये त्यांनी इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात लहान शेतजमिनींवर लिहिलं. जमिनीचे तुकडे होतात हा रोग सगळे सांगत होते. बाबासाहेबांनी म्हटलं की तुकड्याच्या आकारापेक्षा शेतीत लागणारं भांडवल कमी पडतं आणि जमिनीवर माणसांचा भार जास्त आहे, त्यावर उपाय उद्योगधंदे वाढवण्यात आहे. करवीर किंवा पन्हाळा तालुक्यात वीस गुंठ्यांत ऊस लावणारी घरं आज जिथं तिथं दिसतात. त्यांचं अर्थकारण शंभर वर्षांपूर्वीचा हा निबंध समोर ठेवून तपासावं, असा विषय पदवीच्या मुलाला देता येतो. १९१८ च्या त्या निबंधानंतर दोन वर्षांनी, मार्च १९२० मध्ये, हातकणंगले तालुक्यातल्या माणगावला परिषद झाली आणि शाहू महाराजांनी बाबासाहेबांच्या नेतृत्वाला जाहीर पाठिंबा दिला, हे इथल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

खरी अडचण क्षमतेची नाही, गळतीची आहे. संपादक दर वर्षी मे महिन्यात पदवी घेऊन निघून जातात. त्यांच्यासोबत ईमेलचा पासवर्ड जातो, अर्धवट तपासलेले निबंध जातात, कोणत्या समीक्षकाला काय शब्द दिला होता ती आठवणही जाते. विद्यार्थ्यांचे उपक्रम दुसऱ्या-तिसऱ्या अंकानंतर बंद पडतात ते बहुतेक याच कारणानं. म्हणून संपादकापेक्षा नियमावली महत्त्वाची. पत्रिकेचा ईमेल कुणा मुलाच्या नावावर नसावा. प्रत्येक पदावर तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यामागं दुसऱ्या वर्षाचा एक जण उभा असावा. निबंध कुठल्या टप्प्यावर आहे, याचं एकच रजिस्टर असावं आणि ते नव्या मंडळाच्या हातात समारंभपूर्वक द्यावं.

आकडे मिळतात कुठून

मोठमोठ्या विद्यापीठांतली मुलं महागडे डेटाबेस वापरतात म्हणून आपल्या मुलांनी मन छोटं करायचं कारण नाही. घरातल्या कपाटात बघा. सहकारी कारखान्याच्या सभासदाला वार्षिक सभेआधी अहवाल येतो. ताळेबंद, गाळप, उतारा, तोडणी-वाहतुकीचा खर्च, कर्जं, सगळं त्यात असतं. सभा संपली की तो अहवाल रद्दीत जातो. चार-पाच कारखान्यांचे दहा-दहा वर्षांचे अहवाल एकत्र लावले, तर तो पुण्या-मुंबईच्या संशोधकालाही हेवा वाटावा असा साठा आहे. पुण्याच्या साखर आयुक्तालयाकडे कारखानानिहाय गाळपाची आणि एफआरपी किती दिली याची माहिती असते. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय जिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचन काढतं. जे कुठंच मिळत नाही त्यासाठी माहितीचा अधिकार आहे: २००५ चा कायदा, दहा रुपयांचं शुल्क, तीस दिवसांची मुदत. अर्ज लिहिताना "सर्व माहिती द्यावी" असं मोघम लिहिलं की मोघम उत्तर येतं. वर्ष, विभाग, नोंदवहीचं नाव लिहिलं की काम होतं.

महापुराचा विषय घ्या. राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे कोल्हापुरातल्या पोराटोरालाही पाठ आहे. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा पाणी पन्नास फुटांच्या वर गेलं. दर वेळी चर्चा कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर येऊन थांबते. ती व्हायलाच हवी, पण नदीकाठच्या निळ्या रेषेच्या आत, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो तिथं, बांधकामं कशी उभी राहिली, हा प्रश्न महापालिकेच्या कागदपत्रांतून शोधता येण्याजोगा आहे. त्यासाठी धरणाच्या विसर्गाचं गणित यावं लागत नाही. कोल्हापुरी चपलेचंही तसंच. २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून भौगोलिक मानांकन मिळालं. ते दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे. जून २०२५ मध्ये इटलीतल्या फॅशन शोमधल्या चपलांवरून गदारोळ झाला तेव्हा सगळे मानांकनाबद्दल बोलले. सुभाषनगरात बसून पट्टे विणणाऱ्या कारागिराला एका जोडामागं किती मिळतात, आणि मानांकनानंतर त्यात किती फरक पडला, हे कुणी मोजलं तर वाचायला मी रांगेत पहिला असेन.

माणसांना प्रश्न विचारताना एक पथ्य पाळावंच लागतं. बीडहून आलेल्या ऊसतोड जोडप्याला मुकादमाकडून किती उचल घेतली, हे मुकादमासमोर विचारायचं नाही. कशासाठी विचारतो ते आधी सांगायचं, नको म्हटलं तर निमूट उठायचं, आणि निबंधात नाव, गाव, टोळी ओळखू येईल असं काही ठेवायचं नाही. मुलांचा निबंध छापला जाईल. त्या माणसाला पुढच्या हंगामात त्याच मुकादमाकडे जायचं आहे.

पैसे, नंबर आणि प्रमाणपत्रं

ऑनलाइन अंक काढायला खर्च जवळजवळ नाही. करवीर नगर वाचन मंदिरात, शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात आणि तालुक्याच्या कॉलेजांत ठेवायला थोड्या छापील प्रती काढल्या की झालं. आयएसएसएन हा आठ आकडी नंबर दिल्लीहून विनामूल्य मिळतो. पण तो फक्त नियतकालिकाची ओळख पटवतो, दर्जाची हमी देत नाही. नेमकं हेच लपवून पैसे उकळणारी बनावट जर्नल्स निघाली आहेत. "तीन दिवसांत प्रकाशन, प्रमाणपत्रासह" असा मेसेज आला की ओळखावं. तपासायलाच तीन आठवडे लागतात, तर तीन दिवसांत काय तपासलं? यूजीसीनं चांगल्या नियतकालिकांची केअर यादी केली होती, ती फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. त्यामुळं आता खरं-खोटं पारखायची जबाबदारी जास्त करून कॉलेजांवर आणि लेखकांवरच आहे.

नव्या शैक्षणिक धोरणानं हा विषय तातडीचा केला आहे. चार वर्षांच्या पदवीत पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येतं. म्हणजे उद्या शेकडो मुलांना संशोधन प्रकल्प लिहावे लागतील. ते दुकानातून बांधून आणायचे, की खरंच काही शोधायचं, हे त्यांच्या अवतीभवती शोधण्याची सवय आहे की नाही यावर ठरेल. शोधपत्रिकेनं लेखकाकडून एक रुपयाही घेऊ नये आणि निबंध न छापता कुणालाही सहभागाचं प्रमाणपत्र देऊ नये. एवढं पाळलं तर अर्धी घाण दारातच अडते.

मराठीत का

इंग्रजीतून लिहिलं तर बाहेर वाचलं जातं, हे खरंच आहे, आणि प्रत्येक निबंधाचा इंग्रजी सारांश जरूर द्यावा. पण गडहिंग्लज, चंदगड, शाहूवाडीहून आलेल्या मुलाला हद्दवाढ, उतारा, पाणीपट्टी यांची बारकाई मराठीत माहीत असते. इंग्रजीत लिहायला बसवलं की तो पाठ्यपुस्तकातली वाक्यं उतरवतो आणि स्वतःला माहीत असलेलं गाळून टाकतो. शिवाय निबंधात ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांनी तो वाचायला हवा. इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगाराच्या पीस रेटवरचा निबंध त्या कामगाराला वाचता येत नसेल, तर त्यातली चूक दाखवून देऊ शकणारा सगळ्यात जाणकार समीक्षक आपण आधीच बाहेर ठेवला.

पहिल्या अंकाला चार-पाच निबंध पुष्कळ झाले. प्रत्येकासोबत मूळ आकड्यांचा तक्ता द्यावा, म्हणजे कुणालाही हिशेब पुन्हा करून बघता येईल. आणि शेवटची काही पानं उत्तरांसाठी राखून ठेवावीत. समजा एफआरपीवरचा निबंध वाचून एखाद्या कारखान्याच्या शेती अधिकाऱ्यानं पत्र पाठवलं की तुम्ही तोडणी-वाहतुकीची कपात चुकीची धरली आहे, आमच्याकडे ती अशी धरतात, हे घ्या कागद. ते पत्र पुढच्या अंकात पूर्ण छापायचं, शेजारी लेखिकेचं उत्तर छापायचं, आणि साहेबांचं बरोबर असेल तर तक्ता दुरुस्त करून तारखेसह पुन्हा द्यायचा.